जे दाखवले नाही, त्याची नोंद ठेवा : संग्रहालयांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
वस्तुसंग्रहालये आणि कलासंग्रहालये चालवणारी विश्वस्त मंडळे, संचालक आणि क्युरेटर यांस

सन्माननीय महोदय आणि महोदया,

प्रदर्शनातील माहितीफलकांचा मजकूर लिहिणे हे काही वर्षे माझे काम होते. काचपेटीच्या बाजूला साठ-सत्तर शब्दांचा एक चौकोन असतो, बहुतेक लोक त्याची पहिली ओळ वाचून पुढे सरकतात, तो मजकूर. एका संस्थेत, जिचे नाव मी येथे घेणार नाही, दूरच्या देशातून आलेल्या काही धातुमूर्तींसाठी लिहिलेल्या फलकाचे चार मसुदे झाले. पहिल्यात ‘सैन्याने राजवाडा जाळून या मूर्ती लुटून नेल्या’ असे वाक्य होते. दुसऱ्यात ‘राजवाड्यावरील लष्करी कारवाईच्या वेळी या मूर्ती हलवण्यात आल्या’ असे झाले. तिसऱ्यात ‘राजवटीच्या अखेरच्या काळातील घडामोडींनंतर या मूर्ती देशाबाहेर गेल्या’ आणि चौथ्यात, जो भिंतीवर लागला, ‘या मूर्ती पुढे एका खासगी संग्राहकाकडून संस्थेकडे आल्या’. पहिल्या मसुद्यातले सैन्य दुसऱ्यात दिसेनासे झाले, तिसऱ्यात मूर्ती आपल्या पायांनी सीमेपार चालत गेल्या, आणि चौथ्यात राजवाडा होता याचाही मागमूस राहिला नाही. या सगळ्या प्रवासात ‘हे छापू नका’ असे मला एकदाही कुणी सांगितले नाही. ‘जरा मवाळ करता येईल का’ असे तीन वेळा विचारले गेले, तेही फोनवर, आणि तिन्ही वेळा मी ते करून दिले. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातला दोष मी सर्वस्वी आपल्यावर ढकलतो आहे, असे कृपया समजू नये.

संग्रहालये आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य असा विषय निघाला की मोर्चे, धमक्या, पोलीस आणि न्यायालये डोळ्यांसमोर येतात. तशा घटना घडतात आणि त्यांच्याविषयी मी पुढे लिहिणारही आहे. पण माझ्या अनुभवात बंदी बहुधा हुकमाच्या रूपात येत नाही. ती ‘सध्या नको’, ‘जागा कमी पडते आहे’, ‘विम्याची अडचण आहे’, ‘पुढच्या वर्षी पाहू’ अशा वाक्यांच्या रूपात येते, आणि ही वाक्ये कोठेही लिहून ठेवली जात नसल्यामुळे दोन-तीन वर्षांनी त्याच संस्थेतल्या माणसांनाही नेमके काय झाले होते ते सांगता येत नाही. म्हणून माझी आपल्याकडे एकच मागणी आहे. जे दाखवायचे ठरले होते आणि नंतर दाखवले गेले नाही, जे भिंतीवरून उतरवले गेले, ज्याच्या फलकावरचे शब्द दबावाखाली बदलले गेले, त्याची तारीख, कारण आणि निर्णय घेणाऱ्याचे पद यांसह नोंद करणारी एक वही प्रत्येक संग्रहालयाने ठेवावी, आणि ती कोणालाही पाहता यावी. वस्तू दाराच्या आत येते तेव्हा आपण तिला क्रमांक देतो. तिच्यावरचा केसाएवढा तडाही स्थिती-अहवालात लिहितो. ती दुसऱ्या शहरात प्रदर्शनाला गेली तर जाण्या-येण्याच्या तारखा मांडतो. नोंदी ठेवण्यात आपला हात धरणारा दुसरा व्यवसाय क्वचितच असेल. वस्तू प्रेक्षकापासून लपवली जाते तेव्हाच तेवढा कागद कोरा का राहावा, हा माझा प्रश्न आहे.

मानवी हक्कांच्या १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्यातील एकोणिसाव्या कलमात मत मांडण्याच्या हक्काबरोबर माहिती आणि विचार शोधण्याचा व मिळवण्याचा हक्कही सांगितला आहे. आपल्या चर्चांमध्ये पहिल्या भागाचा, म्हणजे कलावंताच्या हक्काचा, उल्लेख होतो; दुसरा भाग, जो तिकीट काढून आत आलेल्या माणसाचा आहे, तो बहुधा राहून जातो. चित्र उतरवले गेले याचे दुःख चित्रकाराला होते, कारण त्याला ते ठाऊक असते. प्रेक्षकाला आपण काय पाहू शकलो नाही हेच कळत नाही, त्यामुळे त्याला तक्रारही करता येत नाही. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. तीत संशोधन, संग्रह, जतन, अर्थ लावून सांगणे आणि प्रदर्शन ही कामे आहेत. सर्वसमावेशकता, विविधता, शाश्वतता आणि नैतिकताही आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा शब्द मात्र तीत नाही. व्याख्येत शब्द घातल्याने भिंतीवरचे चित्र वाचते असे मला वाटत नाही, पण अडचणीच्या दिवशी संचालकाला बोट ठेवायला एखादी ओळ हवी असते आणि ती येथे मिळत नाही, एवढे नोंदवून पुढे जातो.

नोंदवहीची कल्पना मला कोठून सुचली ते सांगितले पाहिजे, कारण ती एका अतिशय अप्रिय जागेहून सुचली आहे. १९ जुलै १९३७ रोजी म्युनिकमध्ये नाझी राजवटीने ‘अधःपतित कला’ या नावाचे प्रदर्शन उघडले. जर्मनीतील ३२ सार्वजनिक संग्रहालयांतून उचललेल्या सुमारे ६५० कलाकृती तेथे दाटीवाटीने टांगल्या होत्या, भिंतींवर कुचेष्टेची वाक्ये रंगवली होती, आणि अनेक चित्रांच्या बाजूला ती संग्रहालयाने केवढ्याला विकत घेतली ते लिहिले होते. त्यांतले कितीतरी आकडे महागाईने चलन कोसळले होते त्या काळातले, म्हणजे वाचणाऱ्याचे डोके फिरावे इतके फुगलेले होते. कष्टकऱ्यांच्या करातून हे पैसे गेले, असे वर सुचवलेले होते. फलकाचा एवढा धूर्त आणि एवढा दुष्ट वापर दुसरा माझ्या माहितीत नाही. बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाचे प्रमुख एबरहार्ड हान्फ्श्टेंगल यांनी जप्तीसाठी आलेल्या समितीशी सहकार्य करायचे नाकारले आणि त्याच वर्षी त्यांना पद गमवावे लागले. पुढच्या वर्षी, ३१ मे १९३८ च्या कायद्याने, ही जप्ती भरपाईशिवाय कायदेशीर ठरवण्यात आली. आधी उचलले आणि मग कायदा केला, हा क्रमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या जप्तीची प्रचार मंत्रालयाने टंकलिखित यादी केली होती. शहरांच्या आणि त्यांतील संग्रहालयांच्या वर्णानुक्रमाने लावलेल्या या यादीत सोळा हजारांहून अधिक नोंदी आहेत. प्रत्येक कलाकृतीपुढे तिचे काय झाले ते एका अक्षराने दाखवले आहे : विकली गेली असेल तर ‘व्ही’, अदलाबदलीत गेली असेल तर ‘टी’, नष्ट केली असेल तर ‘एक्स’. या यादीच्या दोन्ही खंडांची पूर्ण अशी एकच प्रत आज ज्ञात आहे. ती १९९६ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे देणगी म्हणून आली आणि त्या संग्रहालयाने २०१४ मध्ये ती सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवली. तिची पाने मी पडद्यावर चाळली आहेत. एकाखाली एक नावे, किमतीचा रकाना, आणि मधूनमधून तो ‘एक्स’. हरवलेल्या चित्रांचा शोध घेणाऱ्यांना आज ही यादी उपयोगी पडते, हे ती करणाऱ्या कारकुनांच्या स्वप्नातही नसेल. ज्यांना कला संपवायची होती त्यांनी तिच्या विल्हेवाटीचा हिशेब ठेवला, आणि ज्यांना ती जपायची आहे असे आपण म्हणतो त्या संस्थांमध्ये ‘पुढच्या वर्षी पाहू’ या वाक्याची साधी टिपणी नसते. ही तुलना कठोर आहे आणि अपमानास्पद वाटेल, याची मला जाणीव आहे. आपला हेतू आणि त्यांचा हेतू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण कागदाच्या बाबतीत आपण त्यांच्यापेक्षा मागे आहोत, हे तरी मान्य करावे लागेल.

आता कागद असला तर काय फरक पडतो ते पाहू. १९८९ च्या जून महिन्यात वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनाने छायाचित्रकार रॉबर्ट मॅपलथॉर्प यांचे प्रदर्शन उघडण्यास तीन आठवडेही उरले नसताना रद्द केले. सरकारी अनुदानावरून संसदेत वाद पेटला होता आणि संस्थेला त्यात ओढले जायचे नव्हते. वादातून सुटका झाली नाहीच. ३० जूनच्या रात्री आंदोलकांनी त्याच कलादालनाच्या दर्शनी भिंतीवर प्रकाशझोताने मॅपलथॉर्प यांची छायाचित्रे उमटवली, एका चित्रकाराने आपल्या मृत्युपत्रातून संस्थेचे नाव काढले, आणि वर्ष संपण्यापूर्वी संचालिकेने राजीनामा दिला. तेच प्रदर्शन ७ एप्रिल १९९० रोजी सिनसिनाटीच्या समकालीन कला केंद्रात उघडले. त्याच दिवशी केंद्रावर आणि त्याचे संचालक डेनिस बॅरी यांच्यावर अश्लीलतेचे आरोप ठेवले गेले. प्रेक्षकांना बाहेर काढून पोलिसांनी दालनाचे चित्रीकरण केले. १७५ पैकी सात छायाचित्रांवरून खटला चालला आणि ऑक्टोबरमध्ये ज्युरीने दोघांनाही निर्दोष ठरवले. दोन्ही संस्थांपुढे छायाचित्रे तीच होती. सिनसिनाटीच्या केंद्राकडे मात्र ती का निवडली याचे उत्तर होते, आणि ते जाणकारांच्या तोंडून ज्युरीसमोर मांडता आले. न्यायालयात जावे लागणे ही काही चांगली गोष्ट नव्हे. पण जेथे प्रश्न विचारला जातो तेथे उत्तरही द्यावे लागते आणि दोन्ही कागदावर उरते. माघार घेतली की प्रश्नच विचारला जात नाही.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील की कर्मचाऱ्यांच्या जिवापेक्षा कोणतेही चित्र मोठे नाही. हे मला मान्य आहे, आणि म्हणून जपानमधल्या एका घटनेवर थोडे थांबतो. १ ऑगस्ट २०१९ रोजी नागोया येथे आइची त्रैवार्षिक कलामहोत्सवाचा एक भाग म्हणून ‘अभिव्यक्तीचे अस्वातंत्र्य : त्यानंतर’ अशा आशयाच्या नावाचे दालन उघडले. जपानमधील सार्वजनिक संग्रहालयांनी आणि दालनांनी यापूर्वी नाकारलेल्या किंवा काढून टाकलेल्या कलाकृती, त्या का आणि कधी काढल्या गेल्या या माहितीसह, तेथे मांडल्या होत्या. त्यांत युद्धकाळात लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांच्या स्मरणार्थ दोन कोरियन शिल्पकारांनी घडवलेला, खुर्चीवर बसलेल्या मुलीचा पुतळा होता. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असते, तेथे कोणीही जाऊन बसू शकते. सम्राटाच्या प्रतिमेशी संबंधित एक कामही होते. ते ज्या चित्रमालिकेशी जोडलेले होते तिच्यातील आपल्या संग्रहातली चित्रे तोयामा येथील एका सार्वजनिक संग्रहालयाने १९९३ मध्ये विकून टाकली होती आणि ती जेथे दाखवली होती त्या जुन्या प्रदर्शनाच्या उरलेल्या पुस्तिका जाळल्या होत्या. थोडक्यात, मी आज जी नोंदवही मागतो आहे ती तेथे भिंतींवर मांडलेली होती.

ते दालन तीन दिवस चालले. पेट्रोलचा डबा घेऊन येतो, अशी धमकी फॅक्सने आली, आणि क्योतोमधल्या एका अॅनिमेशन स्टुडिओला पेट्रोल ओतून लावलेल्या आगीत ३६ माणसे गेल्याला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते, हे लक्षात घेतले तर आयोजकांना भित्रे म्हणण्याची माझी हिंमत होत नाही. त्याहूनही मोठा मारा टेलिफोनवर झाला. चित्रकलेशी काडीचाही संबंध नसलेले कारकून दिवसभर शिव्या ऐकत बसले. कट्ट्यावर बसून धैर्याच्या गोष्टी करणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे दृश्य नीट डोळ्यांसमोर आणावे, कारण दबाव पहिल्यांदा पोचतो तो संचालकाच्या खोलीत नव्हे, तर स्वागतकक्षातल्या त्या फोनवर. नंतर जे झाले ते मला शिकण्यासारखे वाटते. महोत्सवातल्या कलावंतांनीच एक कॉल सेंटर उभे केले आणि रागावलेल्या लोकांचे फोन ते स्वतः घेऊ लागले. ८ ऑक्टोबरला दालन पुन्हा उघडले. सोडत काढून थोड्या-थोड्या प्रेक्षकांना, सामान तपासून, आत सोडले जाऊ लागले आणि १४ ऑक्टोबरला महोत्सव संपेपर्यंत ते उघडे राहिले. दरम्यान केंद्रीय सांस्कृतिक विभागाने सुमारे ७ कोटी ८० लाख येनचे अनुदान रोखले होते. पुढे काही कपात करून ते दिले गेले. सोडत काढून चित्र पाहणे ही काही आदर्श व्यवस्था नाही. पण बंद करणे आणि काहीच न करता उघडे ठेवणे या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ जागा असते, आणि ती जागा शोधायला दोन महिने लागले तरी चालतात, एवढे तेथे दिसले.

वगळणे म्हणजे सेन्सॉरशिप असे माझे म्हणणे नाही. मोठ्या संग्रहालयांच्या कोठारांत जितके असते त्याचा अगदी लहान भाग दालनांत दिसतो आणि निवड करणे हेच तर क्युरेटरचे काम आहे. जे निवडले होते ते दुसऱ्याच कोणाच्या भीतीने मागे घेतले गेले, तेवढ्यापुरतीच माझी मागणी आहे. प्रत्येक माघार लाजिरवाणी असते असेही नाही. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० मध्ये दक्षिण अमेरिकेतून आलेल्या, आकसवलेल्या मानवी मस्तकांसह १२० मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले. ही मस्तके पाहायला लोक गर्दी करत असत. संग्रहालयाने हे रात्रीतून केले नाही. ते का केले हे जाहीर केले आणि प्रेक्षकांना वाचता येईल असे दालनातही मांडले. ज्यांना हा निर्णय पटला नाही त्यांना निदान कशाशी भांडायचे ते ठाऊक आहे. माझ्या मते ही माघार अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूची आहे. एखाद्या समाजाने आपली पवित्र वस्तू परक्या नजरांसमोर ठेवू नये असे सांगितले आणि संग्रहालयाने ते मानले, तर त्या समाजाच्या संमतीने तेवढेच नोंदवावे. वस्तूचे छायाचित्र छापण्याची गरज नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकन चित्रकार फिलिप गस्टन यांच्या प्रदर्शनाचे. टोकदार पांढरे बुरखे घातलेल्या वंशद्वेष्ट्यांची त्यांची चित्रे त्या वंशद्वेषाची टर उडवणारी आहेत, पण २०२० च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन, बॉस्टन, ह्यूस्टन आणि लंडन येथील चार मोठ्या संग्रहालयांनी मिळून ते प्रदर्शन २०२४ पर्यंत पुढे ढकलले. चित्रांचा संदेश अधिक स्पष्टपणे समजावता येईपर्यंत थांबू, असे सांगण्यात आले. कलावंतांनी जाहीर निषेध केला, तारीख अलीकडे आणावी लागली आणि २०२२ मध्ये ते बॉस्टनला उघडले. तेथे प्रेक्षकांना आधी सूचना देणारे पत्रक होते, आणि ज्याला ती चित्रे टाळायची असतील त्याच्यासाठी वेगळी वाट ठेवली होती. या पत्रकाची थट्टा झाली. मला ते अतिशहाणपणाचे वाटले, पण चित्र भिंतीवर राहिले आणि पाहायचे की नाही हे प्रेक्षकाने ठरवले. मला एवढेच हवे आहे.

पाहुणे म्हणून येणाऱ्या वस्तूंबरोबर अटीही येतात. २०२० मध्ये फ्रान्समधील नाँत शहराच्या इतिहास संग्रहालयाने चंगीझखानावरील प्रदर्शन लांबणीवर टाकल्याचे जाहीर केले. वस्तू चीनमधून यायच्या होत्या. चिनी अधिकाऱ्यांनी ‘चंगीझखान’, ‘साम्राज्य’ आणि ‘मंगोल’ हे शब्द काढावेत, असा आग्रह धरला, आणि मजकूर, नकाशे व पुस्तिका आपल्या नजरेखालून जाव्यात असेही सांगितले. चंगीझखानावरच्या प्रदर्शनातून चंगीझखान काढायचा, हे वाचून मला माझा चौथा मसुदा आठवला. त्या संग्रहालयाने दोन गोष्टी केल्या. काय मागितले गेले ते नावानिशी जाहीर केले, आणि पुढे मंगोलियातून वस्तू मिळवून २०२३ मध्ये तेच प्रदर्शन त्याच नावाच्या माणसावर भरवले. तीन वर्षे उशीर झाला, पण शब्द वाचले.

पैशाच्या बाबतीत गुप्तता आणखी घट्ट असते. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने हान्स हाके यांचे प्रदर्शन उघडण्याच्या काही आठवडे आधी रद्द केले. मॅनहॅटनमधील एका मोठ्या घरमालक कुटुंबाच्या १४२ मालमत्तांची छायाचित्रे आणि सार्वजनिक दप्तरातून उतरवलेली माहिती, एवढेच त्यातल्या एका कामात होते. ज्या क्युरेटरने कलावंताची बाजू घेतली त्याची नोकरी गेली. तेच काम २००७ मध्ये न्यूयॉर्कच्याच व्हिटनी संग्रहालयाने आणि बार्सिलोनाच्या समकालीन कला संग्रहालयाने मिळून संग्रहात घेतले. कथा येथे सुखान्त वाटते. पण २०१५ मध्ये त्याच बार्सिलोनाच्या संग्रहालयाने स्पेनच्या माजी राजाची विटंबना करणाऱ्या एका शिल्पावरून आपले प्रदर्शन रद्द केले, काही दिवसांत ते उघडले, आणि संचालक व दोन क्युरेटर अशा सगळ्यांनाच जावे लागले. पूर्वी दडपलेली कलाकृती आज विकत घेणे सोपे असते. लंडनच्या टेट संग्रहालयाला एका तेल कंपनीकडून किती पैसे मिळाले हे कळण्यासाठी लोकांना माहितीच्या कायद्याखाली लवादापर्यंत जावे लागले. १९९० ते २००६ या काळातला आकडा २०१५ मध्ये बाहेर आला : सुमारे ३८ लाख पौंड. तो एवढा लहान होता की लपवण्यात काय अर्थ होता, असा प्रश्न पडतो.

प्रेक्षकाला कळले तर तो काय करतो, हेही एकदा पाहा. २०१९ च्या एप्रिलमध्ये वॉर्सातील राष्ट्रीय संग्रहालयातून नताल्या एल्एल् यांची १९७० च्या दशकातील एक कलाकृती काढली गेली. एक तरुणी केळे खाते आहे, एवढेच तीत दिसते. बातमी फुटली आणि शेकडो माणसे संग्रहालयासमोर जमून केळी खाऊ लागली. कलाकृती परत आली. त्या गर्दीतल्या किती जणांनी ती आधी पाहिली असेल, मला शंका आहे. तिचे नाव बहुतेकांना त्याच आठवड्यात कळले असणार. कळले म्हणून ते आले.

आणि ज्या काळात काहीच दाखवता येत नाही, कळवताही येत नाही, त्या काळात संग्रहालयाने काय करावे? उझबेकिस्तानातील काराकालपाकस्तानात, मॉस्कोपासून फार दूर, नुकुस नावाचे शहर आहे. इगोर साव्हित्स्की हा चित्रकार १९५० मध्ये एका पुरातत्त्वीय मोहिमेबरोबर त्या प्रदेशात आला आणि तेथेच राहिला. १९६६ मध्ये त्याने तेथे संग्रहालय उभे केले. स्थानिक लोककला आणि उत्खननातल्या वस्तूंबरोबरच, सोव्हिएत राजवटीला नकोशा झालेल्या चित्रकारांची हजारो चित्रे त्याने त्यांच्या विधवांकडून, वारसांकडून, माळ्यांवरून गोळा केली, पुष्कळदा उधारीवर. १९८४ मध्ये तो गेला. साव्हित्स्की जाहीर पत्रके काढत बसला असता तर त्यातले एकही चित्र उरले नसते. म्हणून ज्या संस्था आज अशा राजवटींत काम करतात त्यांच्याकडे मी जाहीर नोंदवही मागत नाही. त्यांनी वस्तू सांभाळावी, विकू नये, जाळू नये आणि आपल्यापुरती टिपणे ठेवावीत. ज्यांना बोलण्याची मुभा आहे आणि तरीही जे गप्प राहतात, त्यांना हे पत्र आहे.

व्यवहाराचे बोलतो. नोंदवहीत सात रकाने पुरेत : कलाकृतीचा क्रमांक, बदल काय झाला, मागणी कोणत्या प्रकारच्या माणसाकडून किंवा संस्थेकडून आली आणि ती लेखी होती की तोंडी, निर्णय कोणत्या पदावरील व्यक्तीने घेतला, क्युरेटरचे मत काय होते, निर्णय घेणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांत कारण, आणि हा निर्णय पुन्हा कधी तपासला जाईल. शेवटचा रकाना रिकामा ठेवता येऊ नये, कारण ‘सध्या’ या शब्दाला तारीख नसली तर तो कायमचा होतो. तोंडी आलेली मागणीही लिहायची. फोनवर बोलणाऱ्याला हे आधीच सांगितले तर निम्मे फोन बंद होतील, असा माझा अंदाज आहे. धमक्या मिळालेल्या कर्मचाऱ्यांची नावे आणि पोलिसांना दिलेला तपशील अर्थातच झाकावा. फलकांचे सर्व मसुदे वस्तूच्या फायलीत तारखांसह राहावेत. वस्तू उसनी घेण्याच्या करारात देणाऱ्याला तिच्या जपणुकीच्या अटी घालता याव्यात, मजकुरावर नकाराधिकार नसावा. अमेरिकेतील सेन्सॉरशिपविरोधी राष्ट्रीय आघाडीने २०१२ मध्ये संग्रहालयांसाठी वाद हाताळण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. वाद उद्भवण्याच्या आधीच निवडीची कारणे लिहून ठेवा आणि तक्रारींची पद्धत ठरवा, असा त्यांचा रोख आहे. ती येथे उतरवून घेत नाही, आपण पाहालच. त्यांत मी भर घालतो ती एवढीच, की हे कागद फक्त वकिलासाठी नसावेत, दारातून आत येणाऱ्या कोणालाही ते मागता यावेत.

अशा वहीमुळे संस्थेची बदनामी होईल, असे एका विश्वस्तांनी मला बोलून दाखवले. होईल, काही दिवस होईल. वही उघडल्यावर पहिल्या वर्षी नोंदी पुष्कळ निघतील आणि त्यांतल्या काही हास्यास्पद असतील. माझी भीती वेगळी आहे : वही ठेवायचे ठरेल, एक समिती नेमली जाईल, आणि वर्षअखेरीस पाने कोरीच राहतील. तसे झाले तर त्या कोऱ्या पानांखालीही संचालकांनी ‘या वर्षी काहीही मागे घेतले गेले नाही’ असे लिहून सही करावी.

सुरुवातीला उल्लेख केलेल्या संस्थेचे नाव मी शेवटपर्यंत घेतलेले नाही आणि घेणारही नाही; तेथील माणसे वाईट नव्हती आणि मूर्ती त्यांनी अतिशय निगुतीने सांभाळल्या आहेत. त्यांच्या फायलीत बहुधा चौथाच मसुदा असेल. आधीचे तिन्ही माझ्याजवळ आहेत, तारखांसह. त्यांना हवे असतील तर पाठवीन.

आपला विश्वासू,
फलकांचा एक माजी लेखक